वस्तीतले चर्च आणि वस्तीबाहेरचे देऊळ

अमेरिकेतील एखादा धर्मोपदेशक शहराच्या पोटातील दरिद्री वस्तीत बिऱ्हाड थाटतो, तेथील पोरांना टोळ्यांच्या तावडीतून सोडवतो, तेव्हा आपल्याकडील पुरोगामी मंडळींना त्यात 'नागरी समाजा'चे दर्शन घडते. धर्मश्रद्धेतून निर्माण होणाऱ्या सामाजिक ऊर्जेवर ती भरभरून बोलतात. मात्र पुण्यातील वा मुंबईतील एखादा तरुण भगव्या ध्वजाला प्रणाम करून झोपडपट्टीत अभ्यासवर्ग चालवू लागला की त्याच मंडळींना त्यात 'छुपा अजेंडा' दिसू लागतो. अमेरिकेत जी श्रद्धा समाजाला जोडते, ती भारताच्या किनाऱ्यावर उतरताच समाज तोडणारी कशी ठरते, याचे उत्तर या विद्वानांनी आजवर दिलेले नाही. ते मिळण्याची आशाही नाही. तथापि त्यांच्या दुटप्पीपणाची उजळणी करून हिंदू समाजाच्या पदरात फारसे काही पडणार नाही. बॉस्टनमध्ये नेमके घडले काय, हे पाहिले तर पुष्कळ पडेल.

बॉस्टन हे विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे शहर. त्याच शहराच्या डॉर्चेस्टर, रॉक्सबरी, मॅटापॅन या भागांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'क्रॅक' नावाच्या कोकेनचा सुळसुळाट झाला आणि पाठोपाठ बंदुका आल्या. जेमतेम पावणेसहा लाख लोकवस्तीच्या या शहरात १९९० या एका वर्षात १५२ खून झाले. मारणारे आणि मरणारे बहुतेक कृष्णवर्णीय तरुण होते, कित्येक तर मिसरूडही न फुटलेले. मे १९९२ मध्ये मॅटापॅनमधील मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये गोळीबारात ठार झालेल्या एका तरुणाची अंत्ययात्रेपूर्वीची प्रार्थना सुरू असताना प्रतिस्पर्धी टोळीतील पोरे आत घुसली आणि शोकाकुल मंडळींच्या देखत त्यांनी एका मुलाला भोसकले. चर्च वस्तीत जात नाही म्हणून वस्तीच चर्चमध्ये शिरली, असे त्या वेळी तेथील धर्मोपदेशकांनाच वाटले.

याच डॉर्चेस्टरच्या 'फोर कॉर्नर्स' नावाच्या चौकाजवळ युजीन रिव्हर्स हा पेंटेकोस्टल पंथाचा धर्मोपदेशक १९८८ पासून आपल्या छोट्याशा मंडळीसह राहत होता. हार्वर्डमधील काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेऊन त्याने १९८४ मध्ये 'अझुसा ख्रिश्चन कम्युनिटी' सुरू केली होती. फिलाडेल्फियात वाढताना तो स्वतः टोळीच्या वाऱ्याला जाऊन आलेला. सुरक्षित उपनगरात राहून रविवारी वस्तीत येणे त्याला शक्य होते. त्याने बायकामुलांसह वस्तीतच घर केले. त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी त्याने घर सोडले नाही. पुढे जवळच्याच एका जुन्या वाड्याची दुरुस्ती करून तेथे मुलांसाठी केंद्र उघडण्यात आले. त्याला नाव दिले ते नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या एला बेकर यांचे.

रिव्हर्सला या कामाचा पहिला धडा कोणा धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने नव्हे, तर त्या भागातील एका अमली पदार्थ विक्रेत्याने दिला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा : मूल सकाळी शाळेला निघते तेव्हा कोपऱ्यावर मी उभा असतो, तुम्ही नसता; ते परत येते तेव्हाही मी असतो; आजी त्याला पाव आणायला दुकानात धाडते तेव्हाही मीच असतो. मग पोरगे माझे होणार नाही तर काय तुमचे? कोणत्याही संघटनेच्या कार्यकर्त्याने रात्री झोपण्यापूर्वी एकदा आठवावे असे हे बोल आहेत. ते एका गुन्हेगाराच्या तोंडून आले म्हणून त्यातील सत्य उणावत नाही.

मॉर्निंग स्टारच्या घटनेनंतर रिव्हर्स, रे हॅमंड आणि जेफ्री ब्राऊन या धर्मोपदेशकांनी इतर सहकाऱ्यांसह 'टेन पॉइंट कोअलिशन' उभे केले. नावाप्रमाणे त्याचा दहा कलमी कार्यक्रम होता. चर्चने एकेक टोळी 'दत्तक' घ्यावी, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलांच्या पाठीशी चर्चचा माणूस असावा, आपल्या परिसरात पहारा ठेवावा, रोजगाराची साधने उभारावीत आणि मुलांना त्यांच्या पूर्वजांचा इतिहास शिकवावा, अशी त्यातील काही कलमे. इतिहासाचे कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या मुलाला आपण कोणाचे कोण हे ठाऊक नाही, ते मूल टोळीचे नाव हेच आपले गोत्र मानते, हे त्या मंडळींनी अचूक ओळखले होते. हाच विचार येथे मांडला की 'इतिहासाचे भगवेकरण' होते, हा भाग वेगळा.

ही मंडळी रात्री रस्त्यावर फिरू लागली. प्रारंभी पोलिसांशी त्यांचे हाडवैर होते. पुढे दोघांनी एकमेकांना ओळखले. कोणता मुलगा सुधारण्याच्या वाटेवर आहे आणि कोणाला तुरुंगाखेरीज इलाज नाही, हे धर्मोपदेशक सांगू लागले आणि पोलीसही त्यांचे ऐकू लागले. १९९६ मध्ये पोलीस, सरकारी वकील, हार्वर्डचे अभ्यासक व धर्मोपदेशक यांनी मिळून टोळ्यांना समोर बसवून स्पष्ट इशारा दिला : बंदुका खाली ठेवा, मदत हवी तर आम्ही आहोत, न ठेवाल तर संपूर्ण टोळीवर कारवाई होईल. १९९९ मध्ये बॉस्टनमधील खुनांचा आकडा ३१ वर आला. १९९८ च्या जूनमध्ये 'न्यूजवीक'ने रिव्हर्सला मुखपृष्ठावर झळकवले. या यशात पोलिसांचा वाटा किती आणि चर्चचा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. अन्य अनेक अमेरिकी शहरांतही त्या काळात गुन्हे घटलेच होते. शिवाय यश टिकाऊ ठरले नाही. नेत्यांमध्ये बेबनाव झाला, लक्ष पांगले आणि २००५ मध्ये बॉस्टनमधील खून पुन्हा सत्तरीच्या पुढे गेले. सेवाकार्य ही एकदा लावून विसरून जाण्याची गोष्ट नाही, हे त्यातून दिसले. मात्र वस्तीत राहणाऱ्या मूठभर श्रद्धावंतांमुळे पोलिसांना आणि पोरांना एकमेकांशी बोलता आले, हे कोणीही नाकारत नाही.

धनवान चर्च कोठे होते?

येथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. अमेरिकेत इव्हँजेलिकल चर्चला पैशाचा तोटा नाही. मग फोर कॉर्नर्ससारख्या वस्त्यांत ते श्रीमंत चर्च का नव्हते? उत्तर कटू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरे मध्यमवर्गीय शहरे सोडून उपनगरांत गेले आणि त्यांची चर्चेसही त्यांच्यामागून गेली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नकाशावर लाल रेघा मारून घरकर्ज नाकारण्याची व्यवस्था १९३० च्या दशकातच उभी राहिली होती. मागे उरली ती दरिद्री वस्ती आणि दुकानांच्या गाळ्यांत भरणारी तिची गरीब चर्चेस. २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी धार्मिक संस्थांच्या समाजकार्याला शासकीय बळ देण्यासाठी व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कार्यालय उघडले. त्याचे पहिले संचालक जॉन डिइलिओ यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय परिषदेतच सुनावले की, शहराबाहेरच्या गोऱ्या नेत्यांनी वस्तीतल्या चर्चच्या वतीने बोलण्याचा आव आणू नये. ऑगस्टमध्ये ते पदावरून दूर झाले.

कृष्णवर्णीयांचे वेगळे चर्च मुळात जन्माला आले तेच अपमानातून. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना त्या जागेवरून ओढून उठवण्यात आले, तेव्हा रिचर्ड ॲलन आपल्या बांधवांसह तेथून बाहेर पडला आणि १७९४ मध्ये त्याने 'बेथेल' उभारले. रे हॅमंड ज्या पंथाचे, तो हाच. आणि आज जगभर सुवार्ता घेऊन फिरणाऱ्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची १८४५ ची स्थापना झाली ती गुलामगिरीच्या प्रश्नावर, गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूने. त्याबद्दल त्या संघटनेने क्षमा मागितली १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

हे वाचून येथे कोणी खूश होऊ नये. देवाच्या दारातून माणसाला हाकलण्याची विद्या हिंदू समाजाला अमेरिकेकडून शिकावी लागलेली नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार १९३० मध्ये कोणासाठी बंद होते आणि ते कोणी बंद ठेवले होते, हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही. पाच वर्षे सत्याग्रह चालूनही ते उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला ती खरी करून दाखवली. अस्पृश्यता पाप नसेल तर जगात पाप म्हणून काही नाहीच, असे बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बजावले, ते याच इतिहासाच्या पार्श्वभूमीवर. सामोपचाराने मतांतर झाले, आमिषाने झाले की अपमानाने झाले, याची चौकशी करताना तिसऱ्या कारणाचा तपास बहुधा घरातच येऊन थांबतो.

डॉलरला अट, रुपयाला नाही

आता टीकाकारांच्या दुटप्पीपणाकडे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या कल्याण कायद्यात 'चॅरिटेबल चॉइस' नावाची तरतूद आली. तिने चर्चसारख्या धार्मिक संस्थांना समाजकार्यासाठी सरकारी निधी घेण्याची वाट मोकळी केली. पण सोबत अट घातली : थेट मिळालेला हा पैसा उपासना, धर्मशिक्षण वा धर्मप्रसार यांवर खर्च करता येणार नाही. पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात कार्यालयांची नावे बदलली, कल्पना मोडीत निघाली नाही. म्हणजेच उपाशी माणसाच्या ताटाशी धर्मांतर बांधू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या करदात्याच्या डॉलरपुरते अमेरिकेला पूर्णपणे मान्य आहे. भारताने परदेशी पैशाबाबत हीच अट घालू पाहिली की तेथील लोकप्रतिनिधींना धर्मस्वातंत्र्य धोक्यात आल्याचे स्वप्न पडते.

मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्येच सेवा आणि मतांतर यांच्या या गुंत्यावर बोट ठेवले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात नि:संदिग्धपणे सांगितले. महात्मा गांधींनी तर त्याच्या कितीतरी आधी मिशनऱ्यांना विनविले होते की, दवाखाने चालवा, शाळा चालवा, पण त्यामागचा हेतू सोडून द्या. गांधीजींचे नाव घेतल्यावाचून ज्यांचे एक व्याख्यान पुरे होत नाही, त्यांना नेमकी हीच विनवणी कशी विसरते, कोण जाणे.

मिशनच्या बाजूनेही लपवाछपवी नाही, हे मान्य केले पाहिजे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक इव्हँजेलिकल परिषदेने समाजकार्य व सुवार्ताप्रसार ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे लेखी जाहीर केले. १९८९ मध्ये मनिला येथील दुसऱ्या परिषदेत भारतासह आशिया-आफ्रिकेचा प्रचंड पट्टा सुवार्तेचे लक्ष्य म्हणून मांडला गेला. १९९९ च्या दिवाळीच्या तोंडावर सदर्न बॅप्टिस्टांनी हिंदूंसाठी प्रार्थनापुस्तिका काढली आणि दिव्यांचा सण साजरा करणारे कोट्यवधी हिंदू अंधारात हरवले आहेत, असे त्यात म्हटले. गुलामगिरीची क्षमा मागून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती.

फोर कॉर्नर्सचे चर्च आणि हे जागतिक अभियान यांतील अंतर डोळ्यांआड करता कामा नये. रिव्हर्सची मंडळी स्वतःच्याच समाजाच्या मुलांसाठी, स्वतःच्याच रस्त्यावर, स्वतःचे बिऱ्हाड पणाला लावून उभी होती. त्या मुलांच्या आज्या आधीपासून त्याच देवाची प्रार्थना करीत होत्या. तेथे श्रद्धेने मुलाला त्याच्या आजीकडे परत नेले. दूरच्या देशातील आराखड्यानुसार धारावीच्या किंवा मालवणीच्या गल्लीत येणारी श्रद्धा मुलाला आजीच्या देव्हाऱ्यापासून उठवून नेते. या दोन्हींना 'चर्चचे समाजकार्य' असे एकच नाव देणे ही बौद्धिक आळसाची परिसीमा झाली.

केडगाव आणि हिंगणे

रिव्हर्सच्या मंडळीचे 'अझुसा' हे नाव लॉस एंजलिसमधील एका रस्त्याचे. गुलामांच्या पोटी जन्मलेल्या विल्यम सेमूर या धर्मोपदेशकाने १९०६ मध्ये तेथे जी जागृती घडवली, तिच्यातून पेंटेकोस्टल पंथ जगभर पसरला. थोड्यांनाच ठाऊक असेल की, त्याच्या एक वर्ष आधी, १९०५ मध्ये, तशाच स्वरूपाची लाट पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये उसळली होती. या पंथाचे इतिहासकार केडगावचा उल्लेख आवर्जून करतात.

केडगावला त्या शेकडो मुली आणि बालविधवा कोठून आल्या होत्या? दुष्काळातून आणि हिंदू घरांतून. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तेथील विधवांना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याचा वाद १८९३ मध्ये पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली. आक्षेप गैर नव्हता. पण झोड उठवून एकाही बालविधवेच्या अंगावर लुगडे चढले नाही. ते चढवले धोंडो केशव कर्वे यांनी. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी त्याच १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, समाजाचा बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून हा माणूस रोज पायी हिंगण्याला जात असे. केडगावला महाराष्ट्राने दिलेले खरे उत्तर हिंगण्याला उभे राहिले, आणि ते देणाऱ्यालाच त्या काळच्या धर्माभिमान्यांनी वाळीत टाकले होते.

हाच प्रश्न २०१७ मध्ये वेगळ्या रूपात पुढे आला. 'कम्पॅशन इंटरनॅशनल' या अमेरिकी संस्थेला भारतात पैसा पाठवण्यापूर्वी परवानगी घेणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. भागीदार संस्थांमार्फत धर्मांतर होत असल्याचा सरकारचा संशय होता, संस्थेने तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये तिने भारतातील काम थांबवले. निर्णय योग्यच होता. परकीय पैशाचा हिशेब मागणे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे. परंतु या संस्थेच्या मदतीवर सुमारे दीड लाख भारतीय मुले अवलंबून होती. एप्रिलमध्ये त्यांच्या वह्यांचे, औषधांचे, दुपारच्या जेवणाचे काय झाले, हे विचारायला किती हिंदू संस्था, किती देवस्थाने त्या वस्त्यांमध्ये पोहोचली? अभिनंदनाची पत्रके काढणारे पुष्कळ होते. चर्चवर दगड भिरकावून धर्मरक्षण केल्याचे समाधान मानणारे तर त्याहून निरुपयोगी; ते कायदा मोडतात, सेवाकार्याची वर्षांची पुण्याई एका संध्याकाळी मातीत घालतात आणि ज्या मुलासाठी म्हणून हे करतात त्या मुलाचे नावही त्यांना ठाऊक नसते.

काम होतच नाही असे मुळीच नाही. किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ मध्ये सुरू केलेली स्व-रूपवर्धिनी पुण्याच्या पूर्व भागातील वस्त्यांमधल्या मुलांसाठी काम करते आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीत बाहेरगावच्या रुग्णांना आसरा मिळतो. यमगरवाडीत पारध्यांची आणि इतर भटक्यांची मुले शिकून मोठी होत आहेत. ही नावे सांगताना कार्यकर्त्याची छाती भरून येते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्रातील शहरांचा पसारा आणि या नावांची संख्या शेजारी शेजारी ठेवली की छाती पुन्हा जागेवर येते.

येथे एक सबब नेहमी पुढे केली जाते : अमेरिकेतील चर्च स्वायत्त आहे, आपली मोठी देवस्थाने शासनाच्या ताब्यात आहेत. सबब खोटी नाही. तामिळनाडूत १९५९ च्या कायद्याने मंदिरांचा कारभार शासकीय खात्याच्या अखत्यारीत आहे, महाराष्ट्रात शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. चर्च वा मशिदीला असा न्याय लावण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केलेले नाही. हा अन्याय दूर झालाच पाहिजे. पण मोठ्या शहरांतील प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात रहिवाशांनी वर्गणी काढून बांधलेली मंदिरे आहेत. त्यांच्या किल्ल्या कोणत्याही मंत्र्याकडे नाहीत. त्यांची सभागृहे लग्नमुंजींना भाड्याने जातात, नवरात्रात नऊ दिवस भरतात आणि उरलेल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. गणेशोत्सवात मंडपाची कमान उभारणारी वस्तीतली पोरे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीपासून कोठे बसतात, हे मंडळाच्या अध्यक्षाला विचारावे. ते पानटपरीच्या मालकाला अधिक नेमके सांगता येईल.

संध्याकाळी सहा ते नऊ, आठवड्यातील पाच दिवस, एका सभागृहात वीस मुले, दोन पदवीधर तरुण, एक निवृत्त शिक्षक आणि रात्री मुलांना घरापर्यंत सोडणारा कोणीतरी. डॉर्चेस्टरच्या त्या वाड्यात याहून मोठे भांडवल घेऊन कोणी सुरुवात केली नव्हती. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत भाड्याच्या दरवाढीबरोबर हा विषयही कार्यपत्रिकेवर यावा.